बाजाराच्या दिवशीची ओपीडी

आमच्याकडं बाई दवाखान्यात एकटी येत नाही. सोबत सासू असते, नाहीतर जाऊ, नाहीतर आशाताई. नवरा आलाच तर गाडी सावलीला लावतो आणि तिथंच मोबाईल बघत थांबतो. आत आल्यावर खुर्चीत सासू बसते, सून भिंतीला टेकून उभी राहते. मी सुनेकडं बघून विचारते, काय होतंय? उत्तर सासू देते. "काय न्हाई वो बाई, जेवत न्हाई नीट. आन् रानात गेली की चक्कर येतीया म्हणती." सून मान हलवते. तिला सांगायचंय ते वेगळंच असतं.

तिला एकटीला गाठायचं कसं, हे मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मला कुणी शिकवलं नव्हतं. प्रश्न कोणत्या क्रमानं विचारायचे ते शिकवलं होतं, पण उत्तर देणारी दुसरीच असेल तर काय करायचं हा धडा अभ्यासक्रमात नव्हता. तो आमच्या जुन्या सिस्टरनी दिला. "मॅडम, लघवी तपासायला सांगा. तिथपर्यंत सासू येत न्हाई." तेव्हापासून नव्या पेशंटची लघवी आम्ही तपासतोच. पट्टीला पाच-दहा रुपये पडतात, आणि हातात प्लास्टिकची डबी घेऊन मोरीच्या दाराशी उभी राहिलेली बाई दीड मिनिटात सगळं बोलून टाकते. वर्षभर अंगावरून जातंय. नवरा दारू पिऊन मारतो. दिवस गेलेत, पण नकोयत. धाकट्या दिराचं वागणं बरं नाही. मग ती डबी माझ्या हातात देते आणि परत आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहते.

खानापूर तालुक्याचा हा पूर्वेकडचा भाग, विट्याहून आटपाडीकडं जाणाऱ्या वाटेवरचा. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की आमच्या बायका एकमेकींना ओळखून काढतील. मी आले तेव्हा इथं बाभळी, माळ आणि टँकर होता. आता टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी आलंय, द्राक्षबागा झाल्यात, डाळिंब झालंय, बंगले झालेत. पाण्यानं बायकांचं काम कमी होईल असं मला वाटायचं. डोक्यावरचा हंडा गेला, पण बागेतली मजुरी वाढली.

दवाखान्याच्या वेळा मी ठरवल्या होत्या, सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ. शहरात शिकलेल्या माणसाला वेळ म्हटलं की एवढंच सुचतं. संध्याकाळी पाचला धार काढायची असते, सहाला दूध डेअरीवर पोचवायचं असतं, सातला भाकरी. माझी संध्याकाळची ओपीडी पुरुषांच्या आणि पोरांच्या खोकल्याची झाली. बायका यायच्या आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, दुपारी बारा ते साडेतीनमध्ये, पिशवीत मेथी-कोथिंबीर घेऊन. कारण त्या दिवशी घरातून बाहेर पडायला कारण सांगावं लागत नाही. मग मी बाजाराच्या दिवशी जेवणाची सुट्टी बंद केली आणि बाकीच्या दिवशीच्या संध्याकाळी आवरत्या घेतल्या. हा मी घेतलेला सगळ्यात मोठा वैद्यकीय निर्णय होता असं मला अजून वाटतं. माझ्या यजमानांना वाटत नाही. त्यांना दुपारी गरम जेवण मिळत नाही.

बाजारासारखाच वर्षाचाही एक हिशेब असतो. ऑक्टोबरात बागांची छाटणी झाली, पुढं विरळणीची कामं लागली की लघवीच्या जळजळीच्या बायका वाढतात. बागेत आडोसा नाही, टोळीत काम, मुकादमीण वर बघू देत नाही. म्हणून बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. मी अँटिबायोटिक लिहून देते आणि 'पाणी भरपूर प्या' म्हणते, तेव्हा ती माझ्याकडं असं बघते की पुढचं वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही. एका बागायतदाराला मी स्वतः फोन करून बागेच्या कडेला चार बांबू आणि शेडनेट लावायला सांगितलं. त्यानं लावलं. त्या टोळीतल्या बायका त्या हंगामात आल्या नाहीत, म्हणजे मला पेशंट कमी झाले, हे त्यानं नंतर मला हसत ऐकवलं.

आषाढात पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला आली की शेजारच्या सातारा जिल्ह्यात लगबग सुरू होते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. आमच्या भागातल्या बायका तिकडं जाऊन सामील होतात आणि त्याआधी आठवडाभर माझ्याकडं रांग. पांडुरंगाला काय चालतं आणि काय नाही हा विषय माझ्या अखत्यारीतला नाही. मी रक्तदाब बघते, पायाला कधी गाठ-सूज आली होती का विचारते आणि गोळ्या देते. एका म्हाताऱ्या वारकरीण आजीनं, सुनेसाठी गोळ्या घेताना, मला बजावलं होतं, "जनाबाईला काय गोळ्या हुत्या व्हय?" तरीही गोळ्या घेतल्याच.

आणि यात्रेच्या दिवसांत, मूल होत नाही म्हणून येणारी जोडपी. हे समजायला गलाई समजून घ्यायला हवी. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत. पंजाबपासून केरळपर्यंत सराफ बाजार असेल तिथं एखाद्या बोळात आमच्या तालुक्याचा माणूस भट्टी लावून बसलेला सापडतो. घरदार इथं, म्हातारा-म्हातारी इथं, आणि लग्न करून आणलेली बायकोही बऱ्याचदा इथंच. तो येतो गावच्या यात्रेला आणि दिवाळीला.

"तीन वर्षं झाली बाई, पाळणा हलंना." हे सासूचं वाक्य. तोवर पोरीला मांढरदेवीपासून सगळे देव फिरवून झालेले असतात, गर्भाशय धुऊन झालेलं असतं, सोनोग्राफीच्या कागदांची फाईल जाड झालेली असते. मी विचारते, तीन वर्षांत दोघं एकत्र किती दिवस होतात? सासूला हा प्रश्न चावट वाटतो. मग मी कॅलेंडर काढून हिशेब मांडते. यात्रेचे आठ दिवस, दिवाळीचे दहा, त्यातही पाळीची तारीख नेमकी मध्येच आलेली. स्त्रीबीज महिन्यातून एकदा सुटतं आणि चोवीस तासांच्या आत त्याचं काम संपतं. अशा हिशेबात तीन वर्षं म्हणजे चार-पाच संधी. याला वंध्यत्व म्हणायचं कसं?

आमच्या दवाखान्यात एक नियम आहे. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी झाल्याशिवाय बाईला हात लावायचा नाही, सोनोग्राफीसुद्धा नाही. ती सगळ्यात स्वस्त तपासणी आहे, तिला भूल लागत नाही, सुई लागत नाही. लागतो तो फक्त नवरा, आणि तोच मिळत नाही. "त्येला काय हुतंय? पैलवान गडी हाय." भट्टीसमोर बारा तास बसणाऱ्या माणसाच्या वीर्यावर उष्णतेचा परिणाम होतो, हे मी किती घरांत समजावलं असेल. काही पैलवान चिडून निघून गेले. काहींनी ऐकलं, बायकोला घेऊन सेलमला, कोइमतूरला बिऱ्हाड केलं. तिकडून कधीतरी फोन येतो, मागं अनोळखी भाषेतला टीव्ही चालू असतो, आणि बाई आधी पावसाचं विचारते.

याच वाटेनं एके काळी एचआयव्हीही आला. नव्वदच्या दशकात आणि नंतरही सांगली जिल्हा राज्यातल्या जास्त लागणीच्या जिल्ह्यांत गणला जायचा. त्यातली एक गोष्ट मला फार लागली. गरोदरपणात रक्त तपासलं जायचं ते बाईचं, म्हणून घरात पहिली कळायची ती हीच. पुरुष तपासून घेत नव्हता, म्हणून तो निरोगी. "हिनंच आणला" हे ऐकत पोटातलं बाळ वाढवलेल्या मुली मी पाहिल्यात. त्यांतल्या एकीचा मुलगा आता कॉलेजात जातो, औषधामुळं त्याला लागण झाली नाही. आई रोज एक गोळी घेते आणि शिलाईकाम करते. या विषयावर मी एवढंच लिहीन.

बाळंतपणाबद्दल लिहायचं तर आकडे आता चांगले दिसतात. २००१–०३ मध्ये महाराष्ट्रात १ लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८–२० च्या पाहणीत तो आकडा ३३ वर आला. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, आशा आल्या, पुढं १०२ आणि १०८ च्या गाड्या आल्या. सरकारी योजनांची टिंगल करायची आपल्याला सवय आहे, पण रात्री दीड वाजता वाडीवरून बाळंतीण आणणारी गाडी मी पाहिली आहे आणि त्याआधीची बैलगाडीही पाहिली आहे.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबला नाही तर बाई दोन तासांत जाऊ शकते. आणि रक्तपेढी होती सांगली-मिरजेला, जायला-यायला त्याहून जास्त वेळ. मिरजेत १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इस्पितळ काढल्यापासून या सगळ्या मुलखाची शेवटची आशा 'मिरजेला न्या' हीच. पण मिरजेला नेण्याइतका वेळ हातात असेल तर ना. म्हणून जे करायचं ते इथंच, आणि आधीच. हा रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंडाव्यात ठेवावं लागतं, २ ते ८ अंशांत. भारनियमनाच्या त्या वर्षांत आमचा फ्रिज म्हणजे नुसतं कपाट होतं. मी ती इंजेक्शनं थर्मासमध्ये, स्टँडवरच्या आइस्क्रीमवाल्याकडून आणलेल्या बर्फात ठेवायची. तो कधी पैसे घ्यायचा नाही. त्याच्या सुनेची दोन्ही बाळंतपणं आमच्याकडं झाली, त्याचेही मग मी घेतले नाहीत.

दुसरी युक्ती बांगलादेशातून आली. डॉ. सायेबा अख्तर यांनी दाखवून दिलं की लघवीच्या नळीच्या टोकाला निरोध दोऱ्यानं बांधायचा, तो गर्भाशयात सरकवायचा आणि आत सलाईन सोडून फुगवायचा. आतून दाब बसतो आणि रक्त थांबतं. मोठ्या कंपन्यांचा असाच फुगा हजारो रुपयांना मिळतो. निरोधची पेटी आरोग्य केंद्रात भरून पडलेली असायची, कारण नवरे ती उघडत नव्हते. कुणाच्या तरी उपयोगी पडली.

रक्ताची गोष्ट मात्र युक्तीनं सुटत नाही. अंगात ११ हिमोग्लोबिन असलेली बाई जेवढं रक्त गेलेलं सोसते, तेवढं ७ वाली सोसत नाही. आणि ७ वाली आमच्याकडं नेहमीचीच. लाल गोळ्या फुकट मिळतात, गरोदरपणात १८० दिवस आणि नंतरही १८० दिवस. पण त्यांनी मळमळतं, संडास काळा होतो, शिवाय 'गोळ्यांनी बाळ मोठं होतं आन् मग सिझर करावं लागतं' ही समजूत. खरं कारण आणखीच साधं. गोळी जेवणाच्या आसपास घ्यायची, चहासोबत नको. आणि आमच्या बाईला दिवसात निवांत मिळतो तो चहाच. चहासोबत घेतलेल्या गोळीतलं लोह अंगी लागत नाही. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज आलं आणि एका बैठकीत १००० मिलिग्रॅम लोह सलाईनमधून देता येऊ लागलं, पंधरा मिनिटांत. बाजाराच्या दिवशी, मेथी कोमेजायच्या आत. वर्षानुवर्षं बायका 'एक सलाईन लावा, ताकद येईल' म्हणायच्या आणि मी त्यांना सलाईन म्हणजे मीठ-पाणी आहे म्हणून रागवायची. आता खरंच ताकदीचं सलाईन आलंय, आणि 'बघा, आमी म्हनतच हुतो' हे ऐकून घ्यावं लागतं.

आता पिशवी, म्हणजे गर्भाशय. यावर मी सगळ्यात जास्त भांडले असेन आणि सगळ्यात कमी जिंकले असेन.

तिशी-पस्तिशीची बाई. अठराव्या वर्षी लग्न, तीन बाळंतपणं, पंचविशीत ऑपरेशन. ऑपरेशन बाईचंच, राज्यात लग्न झालेल्या बायकांपैकी निम्म्याच्या आसपास नसबंदी झालेल्या, पुरुषांचा आकडा एक टक्काही भरत नाही. बिनटाक्याची शस्त्रक्रिया दहा मिनिटांची असते हे सांगायला गेलं की खोलीत सगळे हसतात, सासूसकट. तर ही बाई येते आणि म्हणते, "पिशवी काढून टाका बाई. आता काय करायची ठिवून?" पाळीला रक्त जास्त जातं, कंबर दुखते, पांढरं जातं. आणि कुठल्याशा दवाखान्यात तिला सांगितलेलं असतं की पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. मी कागद बघते. गर्भाशय थोडं मोठं. तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं ते असतंच.

मी समजावते. कमी वयात पिशवी काढली की अंडाशय ठेवले तरी पाळी जाण्याचा त्रास लवकर गाठतो. अंडाशयही काढले तर दुसऱ्या दिवसापासून. अंगाची आग होते, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात. पांढरं जाण्यावर आठवड्याच्या गोळ्या असतात, रक्त जास्त जात असेल तर त्यावरही गोळ्या असतात, हार्मोनची तांबी असते. आणि कंबर पिशवीमुळं दुखत नाही, ती वाकून खुरपल्यानं दुखते, ती नंतरही दुखेल.

ती सगळं ऐकून घेते. मग तिचा हिशेब सांगते. कोयत्यावर जाणारी जतची एक बाई मला म्हणाली होती, "म्हैन्याला चार दिस खाडा. खाड्याचे पैसे मुकादम दोघांच्या उचलीतनं कापतो. पाल ठोकायचं उसाच्या फडात, न्हाणी न्हाई, पाणी इकत. तुमच्या गोळ्या कुठं ठिवू? एकदाच काय ती भूल द्या." माझ्याकडं हार्मोनचं शास्त्र होतं आणि तिच्याकडं रुपये-पैशांचं. तिचा हिशेब मला खोडता आला नाही. बीडमध्ये २०१९ साली सरकारी समितीनं ऊसतोड बायकांची पाहणी केली. सुमारे ८२ हजार बायकांमध्ये १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. वर्तमानपत्रांनी ते बीडचं प्रकरण म्हणून छापलं. पण त्या बायका ऊस तोडायला येतात त्या आमच्या सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवरही. गाळप आमचं, साखर आमची, आणि पिशव्या तेवढ्या बीडच्या, हे मला पटत नाही.

ज्या बायांची खरोखर काढायला हवी त्यांची मी काढते. अंग बाहेर आलेल्या साठीच्या आज्या असतात, वीस-वीस वर्षं कपड्याची घडी दाबून रानात काम केलेल्या. त्यांना सांगावं लागतं की याला उपाय आहे. त्या लाजून येत नाहीत आणि तिशीतल्या रांग लावतात, ही या भागातली उलटी गंगा.

कॅन्सरची भीती दाखवून पिशवी काढणाऱ्यांचा राग येतो, कारण गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधी ओळखणं फार अवघड नाही. साधं पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबलं तर बिघडलेली जागा पांढरी पडते. सोलापूरपलीकडच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात लाखाहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला, २००९ साली जगभर गाजला. हा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो त्या एचपीव्हीची आयुष्यात एकदा तपासणी केली तरी या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याच्या जवळपास कमी होतात, हे त्यातून दिसलं. आमच्या महिला बचत गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, "म्हंजे लोणच्याचंच शिरका?" हो, तसंच. त्या दिवशी अकरा जणी तपासून गेल्या. हप्ता भरायला आल्या होत्या, तपासून गेल्या.

सुबत्तेबद्दल एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. ऊस, हळद, द्राक्ष, बेदाण्याचा हा जिल्हा. २००१ च्या जनगणनेत सांगलीत सहा वर्षांखालच्या १००० मुलांमागे ८५१ मुली होत्या. टँकरच्या गावांपेक्षा बागायती गावांत मुली कमी होत्या, हे मी माझ्या रजिस्टरवरूनही सांगू शकले असते. २०१७ मध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी स्त्रीभ्रूण सापडले तेव्हा टीव्हीवाले आले, मोर्चे निघाले. माझ्या सोनोग्राफीच्या खोलीत 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी आहे, आणि त्या पाटीखाली बसून चांगली शिकलेली माणसं विचारतात, "मॅडम, पेढे आणू का बर्फी?" मी म्हणते, आधी माझी फी आणा.

मागच्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. पुण्यात एमडी झालीय, माहेर कडेगावचं. "मॅडम, तुमच्या भागात यायचा विचार आहे. काय काय बघायचं?" मी तिला सगळं खरं सांगितलं. पैसे मिळतील, पुण्याइतके नाही. मुलांच्या शाळेचा प्रश्न येईल. रात्री झोप मिळणार नाही. सासवा डोकं खातील आणि त्याच सासवा ज्वारीचं पोतं दारात आणून टाकतील. तिनं सोनोग्राफी मशीन कोणतं घ्यावं विचारलं. मी म्हटलं, मशीन नंतर बघ. आमच्याकडं भूलतज्ज्ञ एक, आणि दवाखाने सात. तो बिचारा बॅग पाठीला अडकवून मोटारसायकलवर इकडून तिकडं धावत असतो, बाळाचे ठोके पडायला लागले आणि त्याला फोन केला की तो कधीही, कुठूनही एकच सांगतो, "निघालोय." सरकारनं एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांत भूल शिकवायचा कोर्स काढला, पण शिकलेले तरी आमच्या रस्त्याला कुठं टिकले. आता या माणसाचीही साठी जवळ आलीय, गुडघे दुखतात, आणि तो मिरजेला मुलाकडं जायचं म्हणतोय.

"तेव्हा तू एक कर," मी तिला म्हटलं, "भूल देणाऱ्या मुलाशी लग्न जमतंय का बघ."

"मॅडम, माझं लग्न झालंय. तो इंजिनिअर आहे."

"मग त्याला पार्किंगमध्ये मोबाईल बघत बसायची सवय लाव. आणि निघायच्या आधी आमच्या भूलतज्ज्ञाला फोन कर. मी सांगून ऐकत नाही, तू नवीन आहेस, तुझं ऐकून आणखी दोन वर्षं थांबेल."

नंबर मी तेव्हाच पाठवला. तिनं केला की नाही, ते तो सांगेना.